झाडायचा आठवडा

जिना कसा झाडायचा हे प्रताप देसाईला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जर्मनीत, एका एक्क्याऐंशी वर्षांच्या म्हातारीनं शिकवलं.

त्याचं गाव आजऱ्याजवळ, हिरण्यकेशीच्या काठाला. घरात आई, काकी आणि दोन थोरल्या बहिणी. एवढ्या बायकांच्या घरात मुलाच्या हाती केरसुणी येते कशाला? वडील पद्माकर एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या मागंमागं फिरून पोराला पाना धरता आला, आणि इंजिनाला कान लावून त्याचं दुखणं सांगता येऊ लागलं. बारा वर्षांचा असताना डेपोतली उभी गाडी नुसती ऐकून हा म्हणाला होता, "आबा, हिचं बेअरिंग जाणार." आणि गेलं. तेव्हापासून वडील चारचौघांत सांगायचे, माझ्या पोराला कान आहे. त्या कानाच्या जोरावर तो कोल्हापूरला शिकला, पुण्यात नोकरीला लागला आणि पुण्याहून गेर्लिंगेनला आला. गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घेणारी एक लहानशी कंपनी होती, तिनं त्याला नेलं.

गेर्लिंगेन म्हणजे स्टुटगार्टहून निघालेली ट्राम जिथं संपते ते गाव. वर टेकडीला द्राक्षाचे मळे, खाली उतरत्या लाल छपरांची घरं. प्रतापचं घर त्यातल्याच एका जुन्या तीनमजली इमारतीत होतं. मजल्याला दोन दारं. तिसऱ्या मजल्यावर डावं दार त्याचं आणि उजवं दार फ्राउ वाइसिंगर नावाच्या म्हातारीचं. फ्राउ म्हणजे बाई, जसं हेर म्हणजे श्रीयुत. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा योखेन तिकडं लांब कोलोनला राहायचा. ती आणि तिचा रेडिओ, असा तिचा संसार. डोळे अधू झाल्यापासून तिनं वर्तमानपत्र बंद केलं होतं. सकाळी उठली की रेडिओ लावायचा, झोपताना बंद करायचा.

राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी संध्याकाळी प्रतापच्या दाराच्या मुठीला कुणीतरी एक लाकडी पाटी अडकवून गेलं. वर वळणदार अक्षरात 'केरवोख' असं लिहिलेलं, कोपऱ्यात रंगवलेला एक झाडू. कुणाची तरी विसरली असेल म्हणून त्यानं ती उचलून जिन्याच्या खिडकीत नीट उभी करून ठेवली. पुढच्या शनिवारी तळमजल्यावरचे हेर ब्राइटलिंग धापा टाकत तीन मजले चढून वर आले. पँटला गॅलिस, कानात दोन्हीकडं ऐकायची यंत्रं, आणि चेहऱ्यावर सगळ्या इमारतीची काळजी.

"हेर प्रताप," ते म्हणाले. देसाई हे आडनाव त्या इमारतीत कुणी कधी वापरलं नाही. "तुमच्या देशात ही पाटी शोभेला ठेवतात का?"

त्या मुलखाची रीतच तशी. ज्याच्या दारावर पाटी, त्याचा आठवडा. त्यानं शनिवारी आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, पुसायचा, कठडा पुसायचा, आणि रविवारी संध्याकाळी पाटी समोरच्या दाराला नेऊन अडकवायची. त्यात बोलायचं काही नसतं. पाटी गेली, काम झालं.

कंपनीत त्याच्यासोबत काम करणारा पुण्याचा कपिल खदाखदा हसला. "अरे, केर काढायचा म्हणून केरवोख! मराठी माणसाला काय अवघड आहे? आई-वडिलांनी एवढा पैसा घालून इंजिनिअर केला आणि पोरगा जर्मनीत जिने झाडतोय. गावाकडे सांगू नकोस बाबा, लग्न मोडेल."

"ठरलंय कुठं मोडायला?" प्रताप म्हणाला.

त्याच दुपारी फ्राउ वाइसिंगर बादली घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. तिनं काही विचारलं नाही की हसली नाही. वरच्या पायरीपासून सुरुवात कर, म्हणाली. आधी कोरडं, मग ओलं. पायरीच्या कोपऱ्यात मोठा झाडू पोहोचत नाही, तिथं हातातला लहान ब्रश. फडकं असं पिळायचं की थेंब पडता कामा नये. तिनं स्वतः पिळून दाखवलं, तेव्हा त्या सुरकुतलेल्या मनगटात दोरीसारख्या शिरा उभ्या राहिल्या. प्रतापनं ते सगळं फोनवर आईला दाखवलं. आईनं तोंडाला पदर लावला. "बघा गं बघा," तिनं सगळ्या घराला हाक मारली, "आमचं बाळ झाडायला शिकलं! त्या आज्जीला म्हणावं, सून म्हणून मी तुलाच पसंत केली."

त्यानं ते मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. म्हातारी पहिल्यांदा हसली. "सासू कशी आहे ते आधी बघते, मग सांगते."

असा त्यांचा लोभ जडला. परक्या मुलखात माणसाला कामावर बोलणारे पुष्कळ असतात. तू जेवलास का, असं विचारणारं एखादंच. नाताळात ती बदामाची बिस्किटं द्यायची, हा तिला दिवाळीत आईनं पाठवलेली चकली द्यायचा. ती चकली दातांना झेपायची नाही म्हणून ती कॉफीत बुडवून खायची. हे ऐकून आईनं पुढच्या वर्षी बेसनाचे लाडू पाठवले.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये योखेन कोलोनहून आला होता. प्रताप कामावरून येऊन कुलपात किल्ली घालत होता, आणि समोरचं दार अर्धवट उघडं होतं.

"आई, हेर ब्राइटलिंगनी फोन केला होता," योखेन म्हणत होता. आवाज चढा नव्हता. चढा असता तर बरं झालं असतं. "दोन वेळा कोपरे तसेच राहिले. तुझ्याच्यानं जिना होत नसेल तर एकटीनं राहणं कसं होईल? मी हाइमात नाव घातलंय. जागा झाली की सांगतील."

हाइम म्हणजे वृद्धाश्रम. म्हातारीची खुर्ची सरकली. मग म्हणाली, "ह्या घरात मी तुला जन्म दिलाय. इथून मी आडवी होऊन जाईन, उभी नाही."

"मग जिना झाड," मुलगा म्हणाला.

हे इतकं सोपं करून ठेवलं होतं त्यांनी. जिना झाडता आला तर घर, नाहीतर हाइम.

त्याच शनिवारी प्रताप बाहेर आला तर ती मधल्या पायरीवर बसलेली. शेजारी बादली, हातात फडकं, आणि श्वास असा चाललेला की भाता. त्यानं तिच्या हातातलं फडकं धरलं. तिनं ते सोडलं नाही. दोघांनी क्षणभर ते दोन टोकांनी धरलं. मग तिची बोटं सैल झाली.

"खाली कळता कामा नये," ती म्हणाली.

"नाही कळणार."

"योखेनला तर नाहीच."

"नाही."

तेव्हापासून तिच्या आठवड्याच्या शनिवारी प्रताप पहाटे सहाला उठायचा. हेर ब्राइटलिंग त्या वेळी कानातली यंत्रं काढून झोपलेले असत. पायांत मोजे घालून, पायरीवर पावलाचा आवाज न करता तो जिना झाडून पुसून ठेवायचा आणि परत दार लावून घ्यायचा. मग नऊ वाजता फ्राउ वाइसिंगर दार उघडायची, पायपुसणं कठड्यावर धाडधाड आपटायची, रिकामी बादली खणखणा वाजवायची आणि खालपर्यंत ऐकू जाईल असं कण्हत म्हणायची, "झालं बाई एकदाचं!" दहाला हेर ब्राइटलिंग वर यायचे, कठड्यावरून बोट फिरवायचे, कोपरे बघायचे आणि समाधानानं खाली जायचे. दाराआड प्रताप हसू दाबायचा. रविवारी संध्याकाळी ती आपल्या हातानं पाटी त्याच्या दाराला लावायची. पाटीच्या दोरीत कधी सफरचंद अडकवलेलं असायचं, कधी मुरंब्याची बाटली पायपुसण्यावर.

एक नियम त्यांनी न बोलता पाळला होता. पहाटे तो तिचं दार वाजवायचा नाही. वाजवलं तर चोरी उघडी पडेल, आणि तिलाही दार उघडून आपण कुणाचे उपकार घेतोय हे डोळ्यांनी बघावं लागेल. तिचा मान राखायचा तर दार बंदच बरं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

कपिलला हे पटलं नाही. गाडीतून जाताना तो म्हणाला, "हे बघ, ऐक. चांगुलपणा ठीक आहे. पण ती पडली-बिडली तर? गळ्यात घालायचं लाल बटण मिळतं, दाबलं की माणसं येतात. ते लाव म्हणावं तिला."

"बटणाचे पैसे मुलाच्या खात्यातून जाणार. मग त्याला कळलंच की."

"कळू दे ना! त्याची आई आहे, तुझी नाही."

"तू तिला हाइमात टाकशील का?"

"मी माझ्या आईला पुण्यात ठेवून आलोय," कपिल म्हणाला. "मला काय विचारतोस."

प्रतापनं आईलाही सांगितलं होतं. आईला अभिमान वाटला. गावाकडं उजाडायच्या आत अंगण झाडून सडा पडला नाही तर ते अंगण पारोसं. शेजारपाजारचे जाता-येता बघतात. प्रताप सहावीत असताना आईला विषमज्वर झाला होता, वडील ड्युटीवर, काकी दोन्ही बहिणींना घेऊन माहेरी. सकाळी आठ वाजले तरी अंगण पारोसं दिसलं म्हणून शेजारची आक्का तडक आत शिरली, आईला उठवून बसवली, तिच्या तोंडात पेज घातली, डॉक्टरला बोलावणं धाडलं, आणि मग अंगण झाडलं. ही गोष्ट आई दरवर्षी सांगायची. प्रतापला त्यातलं आक्कानं अंगण झाडलं एवढंच लक्षात राहिलं होतं.

नोव्हेंबर लागला. त्या मुलखातला नोव्हेंबर म्हणजे देवानं आभाळावर ओलं पोतेरं पसरावं तसा. सकाळी आठपर्यंत अंधार, दुपारी साडेचारला पुन्हा अंधार. कंपनीनं प्रताप आणि कपिलला तीन आठवड्यांसाठी नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात कामाला धाडलं. सोमवारी पहाटे पाचला निघायचं, तिकडंच खोलीवर राहायचं, शुक्रवारी परत. निघायच्या आदल्या रविवारी म्हातारी दारात भेटली. आठवडा तिचा होता, पाटी तिच्या दारावर. अंगात राखाडी लोकरी जाकीट, पायांत तसल्याच राखाडी, जाड दाबलेल्या लोकरीच्या सपाता.

"शनिवारी येशील ना?" तिनं विचारलं.

"येणार म्हणजे येणार."

"बघ हं. हाइमवाल्यांचं पत्र आलंय. जानेवारीत एक खोली रिकामी होतेय." ती हसली. "कुणीतरी मेलं असणार तिथं. त्याशिवाय खोली रिकामी होत नाही."

"तुम्ही नाही जायचं. मी आहे."

शुक्रवारी रात्री तो दमून आला आणि अंथरुणावर पडला. शनिवारी सहाला गजर झाला. मोजे घातले, बादली भरली, दार हळूच ओढून बाहेर आला. गावाकडं साडेदहा वाजले होते, आईचा फोन यायची तीच वेळ. त्यानं दोन्ही कानांत फोनचे बोळे घातले आणि कुजबुजत्या आवाजात बोलत झाडायला लागला.

आई घनसाळ भाताच्या मळणीचं सांगत होती. यंदा भात चांगला उतरला. थोरल्या बहिणीच्या पोराला दात आला. मग म्हणाली, "तुझी म्हातारी बरी हाय न्हवं?"

तो तिच्याच दारापुढं उकिडवा बसून उंबऱ्याखालची फट ब्रशानं साफ करत होता. त्यानं एका कानातला बोळा काढला. आत रेडिओ चालू होता, कुणीतरी संथ आवाजात हवामान सांगत होतं.

"बरी आहे. उठलीय. रेडिओ वाजतोय."

"माझा नमस्कार सांग तिला."

"सांगतो." त्यानं बोळा परत कानात घातला.

जिना लखलखीत झाला. आठला तो बाहेर पडला, कारण कपिलच्या मुलीचा, अन्वीचा वाढदिवस होता आणि फुगे फुगवायला त्याला लवकर बोलावलं होतं. संध्याकाळी केकचा एक तुकडा म्हातारीसाठी बांधून घेऊन आला. रेडिओ चालू होता. घंटी दाबायला बोट उचललं, पण आत बाजा वाजत होता, शनिवारचा तिचा आवडता कार्यक्रम. कार्यक्रम मोडायला नको म्हणून त्यानं तुकडा फ्रिजमध्ये ठेवला. रविवारी तो दिवसभर झोपला. संध्याकाळी दार उघडून बघितलं तर पाटी अजून तिच्याच दारावर. सोमवारी पहाटे निघतानाही तिथंच.

विसरली असेल, तो मनाशी म्हणाला. हेर ब्राइटलिंगनी बघितलं तर लगेच कोलोनला फोन जाईल, म्हातारी आता विसरायलाही लागली म्हणून. त्यानं तिच्या मुठीवरची पाटी काढली, आपल्या दाराला अडकवली आणि बॅग घेऊन जिना उतरला. तिच्या विसरण्यावरही त्यानं पांघरूण घातलं.

तो आठवडा नेकारसुल्ममध्ये गेला. पुढच्या शनिवारी झाडायचा आठवडा त्याचाच होता. जिन्यात कसलासा वास येत होता, गोडसर, जड. कुणीतरी कचऱ्याची पिशवी दारात ठेवली असेल. त्यानं बादलीत लिंबाच्या वासाचं औषध दुप्पट ओतलं, जिन्याची खिडकी उघडून ठेवली आणि दोनदा पुसून काढलं. आत रेडिओ चालू होता.

रविवारी दुपारी खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. मग जिन्यात पावलं, घंटी, परत घंटी, मग मुठीनं दारावर ठोकणं. प्रतापनं दार उघडलं. योखेन उभा होता, हातात किल्ली, ती कुलपात जाईना, कारण आतून दुसरी किल्ली लावलेली होती. तो प्रतापकडं वळला, आणि त्याच क्षणी दोघांनाही वास कळला. प्रतापच्या हातातला चहाचा कप कलला आणि चहा स्वच्छ फरशीवर सांडला.

कुलूप फोडणारा आला, पोलीस आले. दार उघडलं तसा रेडिओचा आवाज एकदम मोठा झाला, जणू इतके दिवस तो कुणाला तरी हाका मारत होता. एका पोलीसबाईनं आत जाऊन तो बंद केला. त्या इमारतीत इतकी शांतता प्रतापनं कधी ऐकली नव्हती.

ती दाराच्या आतच, चिंचोळ्या पॅसेजमध्ये होती. खुंटीवरचा कोट ओढून तिनं अंगावर घेतला होता. डॉक्टर योखेनला सांगत होता आणि प्रताप आपल्या उंबऱ्यावर उभा राहून ऐकत होता. खुब्याचं हाड मोडलेलं. अंदाजानं शुक्रवारी पडली असावी, ह्या नाही, मागच्या. जिवंत होती ती शनिवारी रात्रीपर्यंत, कदाचित रविवारी पहाटेपर्यंत. उठता आलं नाही. दाराच्या आतल्या बाजूला, खाली, फरशीपासून वीतभर उंचीवर राखाडी डाग होते. एक सपात तिच्या हातात होती.

म्हणजे तिनं सपातेनं दार वाजवलं होतं. आणि बाहेर हा उकिडवा बसून फट झाडत होता, मळणीचं ऐकत. इंजिनाचं बेअरिंग चाळीस पावलांवरून ओळखणारा कान, त्यात बोळा होता.

हेर ब्राइटलिंग कठड्याला धरून वर आले होते. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "असं कसं होईल?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "योखेन, तू त्या रविवारी मला फोन केलास, आई फोन उचलत नाही म्हणून. मी सांगितलं ना तुला, रिसीव्हर बाजूला राहिला असेल, पूर्वी नाही का झालं तसं. त्याच्या आदल्याच दिवशी, शनिवारी दहाला मी इथं उभा होतो. इथं! मी बोट फिरवून बघितलं. स्वच्छ होतं. जिना ओला होता अजून. बादलीचा आवाज आला नाही, तर मला वाटलं माझीच यंत्रं बिघडली. सोमवारी पाटीसुद्धा समोर गेलेली. मेलेलं माणूस पाटी कशी लावेल? तिनं झाडलं होतं, योखेन. तिनं झाडलं होतं!"

पोलीसबाईनं वहीतून मान वर केली. योखेन त्या पुसलेल्या पायऱ्यांकडं बघत होता.

प्रताप गप्प राहिला असता तर कुणालाही कधी कळलं नसतं. जिना कुणी झाडला हे सांगणारी एकच होती आणि ती कोटाखाली पडली होती. त्यानं तिला शब्द दिला होता, योखेनला तर नाहीच. तो शब्द कुणासाठी पाळायचा आता?

"मी," तो म्हणाला.

"काय मी?" हेर ब्राइटलिंगनी विचारलं.

"मी झाडला. पाटीपण मी लावली. मार्चपासून तिचा जिना मीच झाडत होतो."

हेर ब्राइटलिंगनी कानातलं यंत्र बोटानं दाबलं, नीट ऐकू आलं नसल्यासारखं. पण आलं होतं.

योखेन त्याच्याजवळ आला. पन्नाशी ओलांडलेला, आईसारखेच फिकट डोळे. "तिनं सांगितलं होतं तुम्हाला?"

"हो."

"दर रविवारी ती मला फोनवर सांगायची, जिना मी झाडला, कोपरे केले, कंबर जरा धरलीय, बाकी ठीक." त्याचा आवाज सरळ होता. "मी तुमच्यावर ओरडावं असं मला वाटतंय. पण खाली मी विचारलं होतं फोन करून, आणि जिना स्वच्छ आहे म्हटल्यावर मलाही बरंच वाटलं. एवढ्या लांब यावं लागलं नाही म्हणून." त्यानं किल्ली खिशात टाकली. "हाइम नको होतं तिला. मिळालं तिला हवं ते. आडवी होऊन चाललीय."

असं म्हणून तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

रात्री प्रतापनं आईला फोन लावला. तिकडं उत्तररात्र होती, पण त्याला थांबवेना. आईनं सगळं ऐकून घेतलं. सगळं सांगून झाल्यावर तो वाट बघत राहिला, की ती म्हणेल तू चांगल्यासाठीच केलंस, तुझा काय दोष.

"दार वाजीवलं न्हवतंस?" आईनं विचारलं.

"नाही."

"एकदाबी?"

"नाही, आई."

"आक्का आधी आत आली हुती बाळा," ती म्हणाली. "केरसुणी मागनं."

योखेननं घर रिकामं केलं. जुना रेडिओ कचऱ्याच्या ढिगात दिसला, प्रतापनं तो उचलायला हात पुढं केला आणि मागं घेतला. दफनाला पाच माणसं होती. माती द्यायच्या वेळी योखेननं छोटं फावडं त्याच्या हातात दिलं. दिलं म्हणजे क्षमा केली असं नव्हतं. रांगेत पुढचा तोच उभा होता. फ्रिजमधला केकचा तुकडा त्यानं तेराव्या दिवशी टेकडीवर नेऊन कावळ्यांना ठेवला. तिकडचे कावळे मोठे काळेभोर, त्यांनी लगेच शिवला. त्याचंही त्याला काही वाटलं नाही, ना बरं ना वाईट.

समोरच्या दाराला कुणी आलं नाही. पाटी आता दर आठवड्याला त्याच्याच मुठीवर असायची, कारण ती न्यायची कुठं? शनिवारी तो झाडायचा, वरच्या पायरीपासून, आधी कोरडं, मग ओलं. कानात काही घालायचा नाही. आई फोन करायची, तो उचलायचा नाही, नंतर लावतो म्हणायचा.

डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी जिना पुसून झाल्यावर तो आपल्या मजल्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला नाही. फडकं हातात तसंच घेऊन खाली उतरत गेला, तळमजल्यापर्यंत, आणि त्यानं हेर ब्राइटलिंगचं दार वाजवलं. बराच वेळ कुणी उघडलं नाही. त्यानं पुन्हा वाजवलं. मग जोरानं. मग दोन्ही हातांनी. फडक्यातलं पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं.

साखळी न काढता दार बोटभर उघडलं. आत अंधार होता. म्हातारा रात्रीच्या कपड्यांत उभा, कानात यंत्रं नव्हती, केस विस्कटलेले. इमारतीची काळजी त्या चेहऱ्यावरून कधीच गेली होती.

"काय आहे?" तो खेकसला. "पाणी गळतंय का कुठं?"

"नाही," प्रताप फटीला तोंड लावून मोठ्यानं म्हणाला. "नुसतं विचारायला आलो."

"काय विचारायला?"

प्रतापनं वर, तिसऱ्या मजल्याकडं बोट केलं. तो दारासमोर उभा राहिला. म्हाताऱ्यानं त्याच्या हातातल्या ओल्या फडक्याकडं बघितलं, मग वर जिन्याकडं, मग परत त्याच्याकडं.

"जिवंत आहे मी अजून," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी ये."

आणि त्यानं दार लावून घेतलं.